बहुरूप्याची ओळख

१८८२ साली अँग्लो-इंडियन समाजासाठी वसविलेल्या बंगळूरच्या व्हाइटफील्ड या वसाहतीचे रूप आज पार पालटले आहे. तेथील प्रदर्शन-केंद्रात नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘कॉमिक कॉन’ हा मेळा भरला. जपानी व अमेरिकी चित्रकथांतील आणि व्हिडिओ गेममधील पात्रांची सोंगे घेतलेले तरुण अशा मेळ्यांत हौसेने मिरवतात. त्यांना उथळ अनुकरण ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि ते न्याय्य नव्हे.

सोंग मराठी मनाला परके नाही. बहुरूपी दारी आला की घरातील पोरही त्याचे सोंग ओळखत असे, कारण कथा उभयतांच्या परिचयाची होती. व्हाइटफील्डमध्येही हेच घडते. मात्र सामाईक कथा बदलली आहे, आणि समाजमाध्यमे ती अहोरात्र सांगत असतात.

प्रश्न आहे तो आपल्या कथांचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून दूरदर्शनवर आणि २०१७ साली चित्रपटात आला. पुण्यातील एका संस्थेने २०२० मध्ये पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ हा व्हिडिओ गेम जगापुढे ठेवला. परंतु अशी उदाहरणे विरळच. पात्र नव्या माध्यमांत पुनःपुन्हा अवतरते, तेव्हाच ते लोकस्मृतीत टिकते. बालसाहित्याला व चित्रकथांना वाङ्मयेतिहासात दुय्यम लेखणारे अभ्यासकही या उणिवेच्या दोषाचे वाटेकरी आहेत. सोंग घेण्याची तरुणांची हौस शाबूत आहे. त्यांना ओळखीची पात्रे देण्याचे काम साहित्याकडे उरले आहे.