विंच नंतर, आधी फावडं

सैन्यातल्या माणसाला लोक सीमेबद्दल विचारत असतील, असा तुमचा समज असेल तर तो सोडून द्या. गेल्या सहा महिन्यांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: “सर, थारला विंच कुठला लावू? स्वस्तातला की भारी?” पुण्याचा भाचा विचारतो. लडाखला बदली होऊन गेलेला एक कॅप्टन विचारतो. आणि इथे मैलापूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा, तंजावरी मराठी घरातला एक तरुण इंजिनिअर तर जिन्यात अडवून विचारतो.

गंमत म्हणजे प्रत्येकाला उत्तर आधीच ठाऊक असतं. ऑफ-रोडिंगवाल्यांत सध्या एक पंथ जोरात आहे. ‘सस्ता रोए बार बार, महँगा रोए एक बार’ हा त्यांचा मंत्र. अमेरिकन वॉर्न लावला तर तुम्ही दर्दी, चिनी लावला तर कंजूष आणि वर बेजबाबदार. पंचविशीतली पोरं हप्त्यावर विंच घेतात ती या धाकाने. मला हा सगळा प्रकार पटत नाही, आणि का पटत नाही ते आज जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट. आमच्या खरेदीत सर्वांत कमी किमतीच्या निविदेला एल-वन म्हणतात आणि त्यावर मेसमध्ये विनोद होतात. पण विनोद करणारे एक विसरतात. एल-वन ठरण्याआधी क्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे वस्तूने नेमकं काय करायचं, कुठे, किती वेळ, किती वजनाला, हे कागदावर आलेलं असतं. त्यात बसणाऱ्या मालातला स्वस्त तो घ्यायचा. तुम्ही मात्र क्यूआर न लिहिताच दुकानात जाता. मग दुकानदार तुमचा क्यूआर लिहितो, आणि तो कोणाच्या सोयीने लिहितो हे सांगायला नको.

आता थारचा क्यूआर लिहून पाहू. माणसं-सामानासकट गाडी सव्वादोन टन धरा. सर्वसाधारण नियम असा की भरलेल्या गाडीच्या दीडपट ओढीचा विंच घ्यावा. म्हणजे साडेतीन टनांच्या आत काम भागतं. बाजारात सर्रास मिळणारा ९,५०० पौंडांचा विंच सुमारे ४,३०० किलो ओढतो. स्वस्तही तेवढाच आणि चार-पाच पट महागही तेवढाच. पाटीवरचा आकडा दोघांचा एकच. शिवाय दोघांचाही तो आकडा ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराचा असतो. दोर जितका गुंडाळलेला राहील तितकी ओढ कमी. चौथ्या थरावर साधारण दोन तृतीयांश उरते. हे भौतिकशास्त्र आहे, ते ब्रँड पाहत नाही.

आणि गाडी किती रुतली आहे, ते? लष्करी रिकव्हरीचा एक जुना ठोकताळा आहे: चाकाच्या उंचीपर्यंत चिखलात रुतलेली गाडी ओढायला तिच्या वजनाइतकं बळ लागतं, मडगार्डपर्यंत रुतली की दुप्पट, त्याहून वर गेली की तिप्पट. म्हणजे मडगार्डपर्यंत बसलेल्या थारला साडेचार टन हवेत. तुमचा ९,५०० पौंडांचा विंच, मग तो ओरेगॉनहून आलेला असो की चीनहून, तिथे हात टेकतो. पण दोन माणसांनी पंधरा-वीस मिनिटं चाकांपुढचा आणि पोटाखालचा चिखल काढला, की मागणी निम्म्यावर येते. हे काम फावडं करतं. आमच्या प्रत्येक गाडीच्या सामानाच्या यादीत फावडं आणि कुदळ असते, आणि गाडीचा चार्ज घेताना ती मोजून घेतात. नागरी थारांच्या डिकीत मला कूलर बॉक्स, एअर कॉम्प्रेसर, दोन स्पीकर सापडले आहेत. फावडं अजून सापडायचं आहे.

ईशान्येत असताना आमच्याकडे ईएमईचा एक हवालदार होता. अडकलेल्या गाडीपाशी पोचला की तो आधी तिच्याभोवती शांतपणे एक फेरी मारायचा, मग वाकून खाली बघायचा, मग म्हणायचा, “साब, पहले खोदेंगे.” अधिकारी घाईत असला तरी त्याचं वाक्य बदलायचं नाही. त्याच्याकडे रिकव्हरी गाडीचा दांडगा विंच होता. तो शेवटी वापरायचा, आणि बऱ्याचदा वापरायची वेळच यायची नाही.

फावड्यानंतर स्नॅच ब्लॉक. ही साधी कप्पी आहे. दोर झाडापर्यंत नेऊन कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीला बांधला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. शिवाय ड्रमवरून जास्त दोर सुटतो, म्हणजे आतला, ताकदीचा थर वापरात येतो. मोटरवर भार कमी, बॅटरीवर भार कमी. स्वस्त विंच अधिक कप्पी ही जोडी, नुसत्या महाग विंचला ओढीत मागे टाकते, आणि तरीही या कप्पीबद्दल कोणी फुशारकी मारत नाही, कारण तिच्यावर लाल अक्षरांत नाव नसतं.

मग महागाचे जास्तीचे पैसे कशाचे? ते फुकट जातात असं मी म्हणणार नाही. चांगलं सील, तापलं तरी टिकणारी मोटर, भरवशाचा कॉन्टॅक्टर, धरून ठेवणारा ब्रेक आणि दहा वर्षांनीही मिळणारे सुटे भाग, यांचे ते पैसे असतात. मैलापूरसारख्या ठिकाणी सीलचं मोल मला रोज दिसतं. सांथोमचा किनारा इथून चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि खारी हवा बिजागऱ्यांपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळं खाते. पण इथेही सीलपेक्षा वापर मोठा. महिन्यातून एकदा दोर सोडून, भाराखाली परत गुंडाळून घेतला नाही, तर कितीही भारी विंच आतून आखडतो. सिंथेटिक दोर तर चेन्नईच्या उन्हात आच्छादनाशिवाय नुसता टांगून ठेवला तरी कमजोर होतो. या गल्ल्यांत मी असे विंच पाहिले आहेत, ज्यांच्या हुकवरचा कारखान्याचा रंगसुद्धा उडालेला नाही आणि दोर मात्र पांढरा पडला आहे.

ब्रेकचं समजावून सांगायला कपालीश्वराच्या रथाइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पंगुनीच्या उत्सवात तो रथ चार माड रस्त्यांवरून फिरतो. दोराला शेकडो हात लागलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. खरं बघण्यासारखं असतं चाकापाशी. तिथे लाकडी पाचरी घेतलेली माणसं असतात, आणि रथ वळतो किंवा थांबतो तो त्यांच्या जिवावर. ओढणं सोपं आहे हो, धरून ठेवणं अवघड. घाटाच्या उतारावर विंचने लटकलेली गाडी दोन फूट घसरते की नाही, हे ब्रेक ठरवतो. म्हणून स्वस्त विंच घेतलात तर घरी आणल्यावर पहिल्यांदा मोकळ्या, उतरत्या जागी, मागे-पुढे कोणी नसताना गाडी त्यावर तोलून बघा. सरकली तर त्याच दिवशी परत करा.

स्वस्त विंचचा खरा धोका आणखी एका ठिकाणी आहे, आणि त्यावर हे महागाचे पुजारी फारसं बोलत नाहीत. पूर्ण भारात विंच ४०० अँपिअरच्या घरात करंट खेचतो. हलक्या कॉन्टॅक्टरचे संपर्कबिंदू अशा वेळी वितळून चिकटू शकतात. मग रिमोटचं बटण सोडलं तरी ड्रम फिरतच राहतो, दोर येतच राहतो आणि हूक फेअरलीडमध्ये घुसतो. त्या क्षणी कोणाची बोटं तिथे असतील तर पुढचं सांगायची गरज नाही. यावर इलाज बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये, हाताशी बसवलेला आयसोलेटर स्विच. तो विंचच्या किमतीच्या मानाने किरकोळीत येतो. महाग विंचलाही तो लावा.

माझं खरं भांडण इथे आहे. दोन लाख विंचवर आणि दोनशे रुपये शॅकलवर खर्च करणारा माणूस मला घाबरवतो. विंच बंद पडला तर रात्र चिखलात जाते, एवढंच. शॅकल, हूक किंवा गाडीवरचा बांधायचा कडा तुटला तर माणूस जातो. ताणलेला पोलादी दोर ऊर्जा साठवतो आणि तुटला की चाबकासारखा परततो. सिंथेटिक दोर ही ऊर्जा बरीच कमी साठवतो, पण त्याच्या टोकाला असलेला लोखंडाचा तुकडा तितक्याच वेगाने सुटतो. ट्रेलर ओढायचा बॉल आणि वाहतुकीत गाडी जखडायचे कडे हे रिकव्हरीसाठी नसतातच. त्यांना दोर लावू नका, कोणी लावत असेल तर हात धरून थांबवा. दोरावर मध्यभागी डॅम्पर टाका, तो नसेल तर ओली घोंगडी किंवा जाड जॅकेट. दोर ताणात असताना त्याच्या रेषेत आणि त्याच्या लांबीएवढ्या परिघात कोणीही उभं राहायचं नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढणारा मित्र तर मुळीच नाही, आणि नेमका तोच सर्वांत जवळ असतो.

आणखी एक. विंचबरोबर लोखंडी बंपर येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुल बार, क्रॅश गार्ड यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन. कारण उघड आहे: प्लास्टिकचा बंपर दबतो, पोलादी बंपर समोरच्याचं हाड मोडतो. मैलापूरच्या गल्लीत फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, देवळातून निघालेली म्हातारी माणसं आणि स्कूटरवरची शाळकरी मुलं यांच्यातून दररोज ही लोखंडी थोबाडं वाट काढतात, वर्षातून दोन रविवारच्या चिखलासाठी. विंच रिसीव्हरवर बसवून गरजेपुरता लावता येतो, नाहीतर बंपरच्या आत लपवता येतो. तेवढी तसदी घ्या.

तर महाग विंच कोणी घ्यावा? गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्याने जरूर घ्यावा, तिथे विंच सलग राबतो आणि थंड व्हायला वेळ मिळत नाही. दुसऱ्यांच्या गाड्या काढायला नेहमी धावून जाणाऱ्याने घ्यावा. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी या शहराने अशा माणसांचं मोल पाहिलं. बाकीच्यांनी सिरीज-वाउंड मोटरचा, सुटे भाग मिळणारा साधा विंच घ्यावा, त्याचा हूक आणि दोर चांगल्या दर्जाचा बदलून घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत कप्पी, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, प्रमाणित शॅकल, डॅम्पर, हातमोजे आणि फावडं. तरीही पैसे उरतील. त्यातून दोन दिवसांचं रिकव्हरीचं प्रशिक्षण होतं.

जिम्नीवाल्यांना वेगळं सांगतो. तुमची गाडी रिकामी बाराशे किलोच्या आसपास. तिच्या नाकावर विंच, प्लेट आणि बंपर मिळून जे वजन टांगाल ते पुढचे स्प्रिंग रोज वाहणार. तुम्हाला ९,५०० पौंडांची गरजच नाही, ६,००० पुरे. आणि पालारच्या कोरड्या पात्रात जाणार असाल तर तिथे दोर बांधायला झाड नसतं. स्टेपनी वाळूत कंबरभर खोल, उभी पुरायची आणि तिला अँकर करायचं. त्यासाठी काय लागतं ते तुम्हाला आता माहीत आहे.