खुडूक म्हणतात तिला!

"घरीच असते हो, बसलीय खुडूक होऊन!" परवा हळदीकुंकवाला एका सूनबाईंबद्दल कुणीतरी असं बोललं. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसणं मलाच खटकलं, कारण आमच्या मागच्या पडवीत तेव्हा खरीखुरी खुडूक कोंबडी बसलेली होती.

ती खुडूक झाली तेव्हा आमच्याकडे हे म्हणाले, "अंडं नाही, काही नाही, नुसती खाते. देऊन टाक बाजारात." पुष्कळ घरांत हेच होतं. नाहीतर तिला पाण्यात बुडवून काढतात, पायाला दोरी बांधतात. मी मात्र मैत्रिणीच्या मळ्यातून राजहंसाची चार अंडी आणली. तिची हंसीण अंड्यांवर नीट बसतच नव्हती. हंसाचं एक अंडं म्हणजे कोंबडीची जवळजवळ तीन, म्हणून चारच. टोपलीत राख, वर पेंढा, आणि टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात.

कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात. हंसाला महिना लागतो. एवढे दिवस ही बाई दिवसातून एकदा उठायची. चार दाणे, घोटभर पाणी, मातीत लोळणं, की परत जागेवर. अंगाने पार वाळली. अंडी जड, तिला उलटता येत नव्हती. म्हणून मी एका बाजूला पेन्सिलने फुली मारून सकाळ-संध्याकाळ फिरवत होते. शेवटच्या पंधरवड्यात कोमट पाणी शिंपडलं. दहाव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून पाहिलं, तर तिघांत लाल शिरा दिसल्या आणि एक वांझ निघालं. (हाही शब्द आपण किती सहज वापरतो!)

एकोणतिसाव्या दिवशी टवके उडाले. दोन पिल्लं दुसऱ्या दिवशी बाहेर आली. तिसरं अडकलंय असं वाटून मी कवच सोललं आणि रक्त आलं. ते गेलं. आतल्या शिरा सुकायला वेळ लागतो आणि फुटलेलं अंडं एक-दीड दिवसही तसंच राहू शकतं, हे मला नंतर कळलं. सासूबाई असत्या तर हातावर चापट बसली असती.

पिल्लांना वर्तमानपत्रावर ठेवू नका. पाय घसरून फाकतात. गोणपाट अंथरा. दोन-चार दिवसांतच ती कोवळी हरळी ओढायला लागतात. पाणी चोच-डोळे बुडतील एवढं खोल, पण त्यात बसता येणार नाही अशा भांड्यात द्या. हंसिणीच्या पिसांचं तेल पिल्लांच्या अंगाला लागतं. कोंबडीपाशी ते कुठून मिळणार? सुरुवातीच्या दिवसांत ती भिजली तर गारठून मरतात.

आता माझं म्हणणं. अंडी विकून वह्या, चपला, माहेरी जायचं एस.टी.चं भाडं निघतं. पण घराच्या हिशेबात हे पैसे कुणी कमाई म्हणून धरत नाही. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा पोल्ट्रीफार्मबरोबर घराघरांतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. त्या बाईच्या कोंबड्यांची मोजदाद अशा वेळीच होते. (बदकं-हंस आजारी न दिसताही विषाणू बाळगू शकतात. पक्षी एकदम मरू लागले तर हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवा.)

गिरिराज, वनराज अंडी पुष्कळ देतात, ठेवा की. पण ती सहसा बसत नाहीत. पुढच्या पिल्लांसाठी परत पैसे मोजायचे आणि ते बहुधा नवऱ्याकडे मागायचे. गावरान खुडूक घरात असेल तर पिल्लं घरचीच. म्हणून म्हणते, दहा कोंबड्यांत एक तरी बसणारी ठेवा, आणि ती बसली की तिला बाजार दाखवू नका.

आमचे हे आता आल्यागेल्याला हंसाची पिल्लं दाखवतात. पिल्लं डोक्याने तिच्याएवढी झाली, तरी संध्याकाळी तिच्याच पंखाखाली घुसतात. निम्मं अंग बाहेर! मागच्या रविवारी कोंबडीवाला दारात आला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती नाही द्यायची."