फ्रीजची नाडी

घरांत कोणास ज्वर आला म्हणजे आपण प्रथम थर्मामीटर लावतों आणि मग वैद्यास बोलावितों. परंतु जो फ्रीज रात्रंदिवस आपल्या अन्नाची राखण करतो, त्याची नाडी आपण वर्षानुवर्षें पाहत नाहीं. आंत हात घालावा, ‘गार लागतें आहे’ म्हणावें आणि दार लोटावें, एवढीच आपली परीक्षा. ती किती फसवी आहे, हें गेल्या वैशाखांत आमच्याच घरीं कळून आलें. म्हणून आधीं ती हकीकत सांगतों.

बीड जिल्ह्यांतील नारायणगड नगद नारायणमहाराजांचें स्थान म्हणून वारकरी मंडळींस परिचित आहे. त्या गडाजवळच्या एका खेड्यांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. तीन बिऱ्हाडें, पण चूल एक आणि फ्रीजहि एकच. एकादशीस गडावर जाणारीं-येणारीं माणसें ओसरीवर टेकतात. मुलांचे हात तर दिवसभर त्या दारास लागलेले. आणि वैशाखांत तिकडे पारा ४२ अंश सेल्सिअसच्या घरांत जातो.

आमच्या आत्याबाई सत्तरी ओलांडलेल्या. मधुमेहामुळें त्या रोज इन्शुलिन टोचून घेतात. त्या महिन्यांत मात्रा तीच, जेवण तेंच, तरी साखर चढूं लागली. दिवस आंब्यांचे. ‘आत्याबाई कोणाच्या नकळत आमरस घेतात,’ अशी घरांत कुजबूज सुरू झाली. धाकट्या सूनबाईंनीं तर एकदां हंसत हंसत तसें बोलूनहि दाखविलें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. मात्र त्या दिवसापासून त्यांनीं पंक्तीला बसणें सोडलें. आपलें ताट आधीं सर्वांस दाखवीत आणि मग कोपऱ्यांत एकट्या बसून जेवीत.

इकडे फ्रीजचीहि तक्रार होतीच. खालच्या कप्प्यांत दूध नासूं लागलें, म्हणून कोणीं तरी गार करण्याचा खटका शेवटच्या आंकड्यावर नेऊन ठेवला. तालुक्याच्या गांवाहून मेकॅनिक आला. त्यानें मागें हात लावून पाहिला, ‘गॅस संपला, कदाचित् कॉम्प्रेसरहि बदलावा लागेल,’ असें सांगितलें आणि बऱ्याच रुपयांचा अंदाज देऊन तो निघून गेला. आम्ही पैसे मोजण्याच्या तयारींत होतों. तेवढ्यांत कॉलेजांत जाणारा पुतण्या म्हणाला, “काका, आधीं मोजून तरी पाहूं या.”

प्रथम कोणीं तरी तापाचा थर्मामीटर पुढें केला. पण त्याचे आंकडे ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात, तो येथें निरुपयोगी. शेवटीं फ्रीजकरितां मिळणारे तीन साधे थर्मामीटर आणविले. रात्रीं तीन पेल्यांत पाणी घेऊन एकेक थर्मामीटर त्यांत ठेवला आणि वरच्या, मधल्या व खालच्या कप्प्यांत एकेक पेला ठेवून दार मिटलें. हवेचें तपमान दार उघडतांच बदलतें, पाण्याचें तसें बदलत नाहीं, म्हणून पेल्यांतल्या पाण्याचा आंकडा अधिक विश्वासाचा. सकाळीं पाहतों तों खालच्या पेल्यांत १३ अंश, मधल्यांत ७, आणि फ्रीजरखालच्या वरच्या पेल्यावर बर्फाची साय धरलेली! एकाच कपाटांत दोन ऋतू नांदत होते.

आणि आत्याबाईंच्या इन्शुलिनची कुपी कोठें होती? ‘सर्वांत गार जागा ती सर्वांत चांगली’ अशा समजुतीनें घरच्यांनीं ती त्याच वरच्या कप्प्यांत, अगदीं फ्रीजरच्या पत्र्याला टेकवून, मोठ्या काळजीनें ठेविली होती. डॉक्टरांस विचारतां ते म्हणाले, “न उघडलेलें इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावें. तें एकदां गोठलें म्हणजे वाया गेलें. मागाहून वितळून पूर्ववत् दिसलें तरी वापरूं नये.” नवी कुपी आणून मधल्या कप्प्यांत ठेविली आणि त्या कप्प्याचा आंकडा रोज पाहूं लागलों. आठवड्याभरांत साखर उतरणीस लागली. त्या रात्रीं धाकट्या सूनबाई आत्याबाईंच्या खोलींत जाऊन बसल्या. काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आत्याबाई पुन्हां पंक्तीला होत्या.

आतां हे दोन ऋतू झाले कसे, तें पाहूं. फ्रीज गारवा निर्माण करतो ही समजूत चुकीची आहे. तो आंतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. माठांतील पाणी पाझरून वाळतें आणि वाळतांना उष्णता घेऊन जातें. फ्रीजच्या नळ्यांतहि तेंच घडतें. भेद इतकाच कीं माठाची वाफ हवेंत जाते, आणि येथें तीच वाफ कॉम्प्रेसर दाबून बाहेरच्या जाळींत ढकलतो. तेथें उष्णता सोडून ती पुन्हां द्रव होते आणि परत आंत येते. म्हणून उष्णतेची वाट जेथें अडेल, तेथें फ्रीज आजारी पडेल.

आमच्याकडे वाट तीन ठिकाणीं अडली होती. मागच्या जाळीवर धूळ आणि पिठाची पुटें चढलेलीं, आणि फ्रीज भिंतीस अगदीं खेटलेला. प्लग काढून मऊ ब्रशानें जाळी झाडली आणि मागें वीतभर जागा सोडली. नव्या पुष्कळ फ्रीजांत ही जाळी बाजूच्या पत्र्यांत दडविलेली असते. त्यांच्या बाजू कोमट लागतात, तो दोष नव्हे. पण त्या बाजूंसहि मोकळी हवा हवी.

दुसरी अडचण फ्रीजरवरच्या बर्फाची. बर्फाचा थर हें जणूं पांघरूणच. त्याखालीं गारवा अडकून राहतो. थर ५ मिलिमीटर झाला कीं फ्रीज बंद करून तो वितळूं द्यावा. सुरी किंवा उलथणें घालून खरवडूं नये. नळीस भोंक पडलें तर फ्रीज तर जाईलच, शिवाय आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजांत आयसोब्यूटेन नांवाचा वायु असतो, आणि तो स्वयंपाकाच्या गॅसचेंच भावंड असल्यामुळें पेट घेतो.

तिसरी अडचण दाराच्या रबराची. कागदाची एक पट्टी दारांत धरून दार मिटावें आणि पट्टी ओढून पाहावी. सहज निघाली तर त्या जागीं रबर सैल आहे. असें चारी बाजूंस करावें. पुष्कळदां कोमट साबणाच्या पाण्यानें रबर पुसलें तरी काम भागतें. कडक होऊन चिरलें असेल तर मात्र बदलावें.

हे तीन उपाय करून आम्हीं खटका मधल्या आंकड्यावर आणला. त्यावरचे आंकडे अंशांचे नसतात. बहुतेक फ्रीजांत मोठा आंकडा म्हणजे अधिक गार. पुन्हां तीन पेले ठेवले. या वेळीं वरचा ३, मधला ४ आणि खालचा ५! अन्न राखावयास ५ अंशांच्या आंतला आंकडाच हवा. स्वतंत्र फ्रीजर असेल तर तेथें उणे १८ हवा. मेकॅनिकच्या अंदाजापैकीं एक पैसाहि खर्च झाला नाहीं.

गॅसविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. फ्रीजमधला गॅस सिलिंडरासारखा वापरून संपत नाहीं. कमी झाला असेल तर तो कोठें तरी गळतो आहे. म्हणून ‘गॅस भरतों’ म्हणणाऱ्यास आधीं ‘गळती कोठें आहे?’ असें विचारावें.

खेड्यांत विजेचा लपंडाव चालतो. वीज गेली तर दार उघडूं नये. मिटलेल्या दाराआड गारवा सुमारें ४ तास टिकतो. वीज परत येतांच फ्रीज लगेच सुरू करूं नये, पांच मिनिटें थांबावें. नळ्यांतील दाब समतोल होण्यापूर्वीं कॉम्प्रेसर सुरू झाला तर त्यावर ताण पडतो. जेथें दाब कमी-जास्त होतो तेथें स्टॅबिलायझर लावावाच. नवा फ्रीज घेतांना त्याच्या पट्टीवर ‘टी’ हें अक्षर आहे का तें पाहावें. तो ४३ अंशांपर्यंतच्या उन्हाळ्यासाठीं बनविलेला असतो.

आतां आमच्या घरीं दर महिन्याच्या पहिल्या तारखेस फ्रीजची नाडी पाहण्याचें काम आत्याबाईंनीं आपल्याकडे घेतलें आहे. रात्रीं पेला ठेवतात, सकाळीं चष्मा लावून आंकडा वाचतात आणि दिनदर्शिकेच्या चौकोनांत पेन्सिलीनें लिहितात. आंकडा ५ च्या वर गेला कीं त्या प्रथम धाकट्या सूनबाईंस हांक मारतात, आणि मग दोघी मिळून जाळी झाडावयास बसतात.