ज्याच्यावाचून अडते

गेल्या भाऊबीजेला मी ताईकडे मुलुंडला गेलो. ओवाळणे झाले, फराळाच्या बश्या पुढे आल्या. पण माझा भाचा चकलीचा तुकडा हातात धरून नुसता बसून होता.

"मामा, यंदाही बढती हुकली!"

हा अंधेरीच्या एका कचेरीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे काय, ते सांगतो. प्रत्येक लग्नघरात एक काका असतात. मांडववाला, आचारी, भटजी आणि रुसलेले व्याही या सर्वांना मुहूर्ताच्या आत जागेवर आणण्याचे काम त्यांचे. वधूवरांचे फोटो निघतात तेव्हा काका मागे भांडी मोजत असतात. भाचा तेच काम संगणकांच्या दुनियेत करतो. त्याच्या वरची पायरी अशी चार-पाच कार्ये एकदम सांभाळणाऱ्याची, आणि तिच्याही वर सबंध खात्याची. तीन वर्षांत तीन कामे याने मुदतीत पुरी केली, तर साहेब म्हणाले, "तुला वर घेतलं तर हे कोण बघणार?"

"हा शुद्ध अन्याय आहे," ताई म्हणाली. मीही मान डोलावली.

दोन दिवसांनी आम्ही मामा-भाचे ठाण्याहून कोकण रेल्वेने रत्नागिरीला निघालो. रोहे मागे पडले, बोगदे सुरू झाले. बोगदा संपला रे संपला की हा घाईघाईने कचेरीत फोन लावी.

"अरे, रजेवर आहेस ना?"

"माझ्यावाचून त्यांचं पानही हलत नाही, मामा!"

हे सांगताना त्याच्या तोंडावर जो आनंद होता, तो पाहून मला एकदम त्याच्या साहेबांची बाजू कळली.

मग मी त्याला पायाखालच्या रुळांचीच हकीकत सांगितली. १९६४च्या डिसेंबरात वादळाने पांबनचा पूल मोडला. ई. श्रीधरन तेव्हा याच्याच वयाचे, बत्तिशीचे. त्यांनी तो ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. पण पुढे ते काही पुलावरच बसून राहिले नाहीत. कलकत्त्याच्या मेट्रोची आखणी, कोचीनची गोदी, १९८७मध्ये चर्चगेटला पश्चिम रेल्वेचे जनरल मॅनेजरपद, मग रेल्वे बोर्ड. १९९०मध्ये, निवृत्तीच्या वयाला, कोकण रेल्वे त्यांच्या हाती आली. रोह्यापासून मंगळुरूजवळपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर! हा मार्ग सात विभागांत वाटला गेला. प्रत्येकावर एक मुख्य इंजिनियर, आणि अधिकारही त्याच्या हाती. प्रत्येक खिळ्यासाठी बेलापूरच्या कचेरीकडे पाहायला नको. २६ जानेवारी १९९८ला सबंध मार्ग खुला झाला. त्याआधीच, १९९७मध्ये, श्रीधरन यांच्याकडे दिल्ली मेट्रोची सूत्रे आली होती.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हाताखाली एक हुशार मुलगी आहे. पण मामा, माझीच खुर्ची तिला मिळाली तर?"

"मिळू दे की! तिथं बसायला कोणी असल्याशिवाय तुला उठू कोण देणार?"

परत आल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. वरच्या जागेसाठी काय काय लागते ते लिहून द्या, असे साहेबांना सरळ सांगितले. आणि खर्चाचा हिशेब व गिऱ्हाइकांच्या बैठका हळूहळू त्या मुलीच्या हाती दिल्या. मे महिन्यात फोन बंद ठेवून पंधरा दिवस हिमालयात जाऊन आला. काम कुठेच अडले नाही. त्यामुळे बिचारा दोन दिवस थोडा खट्टूच होता! जुलैत ती मुलगी त्याच्या जागी आली, आणि हा वरच्या पायरीवर गेला.

सगळेच साहेब इतके शहाणे नसतात, हे मी जाणतो. वर जागाच नसेल तर दुसरे दार ठोठवावे लागते. पण तिथेही विचारतातच, तुमच्या हाताखाली किती माणसे तयार झाली?

परवा हा लेख मी सौभाग्यवतींना वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "आणि कॉलेजात विभागाचं वेळापत्रक पंधरा वर्षं दुसऱ्या कुणाला करू देत नाही, ते कोण?"

मी पहिल्या घाण्याची चकली तोंडात टाकली. तोंड भरलेले असले, म्हणजे उत्तर द्यावे लागत नाही.