आपणच आपले परीक्षक

स्थिरवस्तुचित्राचा छंद हा सर्व छंदांत गरीब म्हटला पाहिजे. एक तांब्या, एक पेला, दोन लिंबें आणि खिडकींतून येणारा उजेड एवढ्यावर तो चालतो. परंतु शाळा सुटली कीं त्यांतील एक अडचण उघड होते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांत वस्तू दुसराच कोणी मांडून देतो व गुणही दुसराच देतो. पुढें घरीं बसून काढलेल्या चित्रास गुण कोण देणार? घरचीं माणसें ‘अगदीं हुबेहूब!’ म्हणून मोकळीं होतात. आमच्यासारख्या सेवानिवृत्तांच्या वाट्यास तर नातवंडांची स्तुति अधिकच येते, आणि तिच्यावर विसंबणाऱ्याची दुसरी वही पहिलीसारखीच निघते. तिसरी बहुधा निघत नाहीं.

तांब्या तांब्यासारखा दिसला म्हणजे चित्र साधलें असें नव्हे. आपल्याकडील चित्रकलेच्या षडंगांत सादृश्य हें सहांपैकीं केवळ एक अंग आहे. प्रमाण व लावण्ययोजन हीं त्याहून वेगळीं गणलीं आहेत. रचना म्हणजे वस्तूंची मांडणी खरी, पण वस्तूंमधील रित्या जागेचीही ती मांडणी होय. नवशिक्याची दृष्टि तांब्यावर खिळते. तांब्या व वाटी यांमधील फट त्यास दिसतच नाहीं. ती फट पेन्सिलीनें काळी करून पाहावी. सर्व फटी सारख्याच रुंदीच्या निघाल्या, तर वस्तू पंगतीला बसल्या आहेत असें समजावें.

दुसरा दोष कडांच्या स्पर्शाचा. पेल्याचा कांठ मागील तांब्याच्या कडेस नुसता टेकला, तर पुढें कोण व मागें कोण हें नजरेस उमगत नाहीं. संस्कृतांत दोन पदें जवळ आलीं म्हणजे एक तर त्यांचा संधि होतो, नाहीं तर तीं स्पष्ट सुटीं राहतात. येथेंही तसेंच असावें. एकानें दुसऱ्यास निःसंकोच झांकावें, किंवा दोहोंत अंतर राखावें. चित्र ‘कोठें तरी चुकलें’ असें वाटूनही कारण सांपडत नाहीं, तेव्हां आमच्या मतें प्रथम असले स्पर्श शोधावे. चौरंगाची कड कागदाच्या बरोबर मध्यावर आली आहे काय, हेंही जातां जातां पाहून घ्यावें.

हे दोष दुसऱ्याच्या चित्रांत चटकन दिसतात, आपल्या चित्रांत दिसत नाहींत. ममत्व आड येतें. म्हणून आपलें चित्र डोळ्यांस परकें करून दाखवावें लागतें. लिओनार्दो दा व्हिंचीनें चित्रकारास आपलें काम आरशांत पाहण्याचा उपदेश केला आहे, आणि मधून मधून काम सोडून उठावें असेंही सांगितलें आहे. आरशांत डावें-उजवें बदललें कीं कललेला तांब्या लगेच ओळखूं येतो. चित्र उलटें धरलें म्हणजे वस्तूंचीं नांवें विसरतात व काळ्या-पांढऱ्या भागांचें वजन तेवढें उरतें. हल्लीं फोनवर छायाचित्र घेऊन त्यांतील रंग घालविण्याचीही सोय आहे. डोळे अर्धवट मिटले तरी तेंच काम होतें, व त्यास पैसे पडत नाहींत.

कोणी म्हणेल, थोरांनीं नियम मोडले नाहींत काय? मोडले आहेत. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील, पॉल सेझाननें सुमारें १८९३ सालीं रंगविलेल्या ‘सफरचंदांची टोपली’ या चित्रांत टेबलाची डावी व उजवी कड एका रेषेंत जुळतच नाहीं. बाटली कललेली आहे, टोपली ओणवी आहे. तरी चित्र कोसळत नाहीं, कारण त्या कलत्या वस्तू एकमेकींस तोलून धरतात. आपल्या वहींतील कलत्या तांब्यास तोलणारें कांहीं दाखवितां येईपर्यंत सेझानचें नांव पुढें करूं नये हें बरें.

याच्या उलट, दोष दिसूं लागतांच पान फाडणारेही पुष्कळ असतात. पान फाडूं नये. मागें तारीख घालून दोष एका ओळींत लिहावा व वही मिटावी. महिन्यानें तोच तांब्या त्याच खिडकीशीं मांडावा, आणि या खेपेस कागदास हात लावण्यापूर्वीं आगपेटीएवढ्या तीन चौकटींत तीन निरनिराळ्या मांडण्या काढून पाहाव्या.