धावपट्टी नको, दुसरं विमान द्या

मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गाला मराठीच्या तासाला निबंध दिला होता, 'माझा न विसरता येणारा प्रवास'. वह्या तपासताना दिसलं, अकरा जणांनी मुंबईच्या विमानतळावर लिहिलं होतं. पुढे वाचलं तर या अकरांपैकी विमानात बसलेलं एकही मूल नव्हतं. सगळी कुणाला तरी सोडायला गेली होती. कुणाचे अब्बू रियाधला, कुणाचे मामू कतारला, एकीची दादी उमराहला. त्या मुलीने शेवटी लिहिलं होतं, "काचेच्या दारापाशी आम्हाला थांबवलं. तिथून पुढचा विमानतळ मी पाहिला नाही."

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, पण मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली नाही.

बीड जिल्ह्यातल्या आपल्या घरांचं विमानाशी नातं हे असं आहे. रात्रभर जीप किंवा बस, दारात रडारड, आणि परत रात्रभर जीप. म्हणून यंदा 'बीडलाही विमानतळ हवा' ही चर्चा पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्या ओळखीचे कित्येक जण खूश झाले. मोबाइलवर नकाशे फिरले, जमिनीचे भाव फिरले. मला मात्र आनंद झाला नाही. का झाला नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या जिल्ह्याला कुठलीही गोष्ट उशिराने मिळते, हे मान्यच. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग. त्याच्या मागणीत आणि कामात एक पिढी म्हातारी झाली. शेवटी १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड स्टेशनातून अहिल्यानगरची गाडी सुटली. त्या दिवशी मीही स्टेशनावर होतो आणि माझेही डोळे भरून आले होते. पण रेल्वे आणि विमान यांत एक मोठा फरक आहे. रूळ टाकले की सरकारची गाडी आज ना उद्या येतेच. धावपट्टी टाकली की विमान येईलच असं नाही, कारण विमान कंपनीचं असतं. तिला परवडलं तर ती येते, परवडेनासं झालं की जाते.

शेजारचं नांदेड पाहा. २७ एप्रिल २०१७ ला केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतली पहिली उड्डाणं झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होतं. पंतप्रधानांनी झेंडा दाखवला होता. कंपनी होती ट्रूजेट. २०२२ मध्ये ट्रूजेटची विमानं थांबली. २०२४ मध्ये स्टार एअर आली आणि नांदेड पुन्हा बंगळूरु, दिल्लीकडच्या हिंडन विमानतळाशी जोडलं गेलं. मधला मोठा काळ तिथे धावपट्टी होती, इमारत होती, सचखंड गुरुद्वाराला देशभरातून येणारे भाविकही होते. नव्हतं ते विमान.

कोकणात सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला मोठ्या थाटात सुरू झाला. मुंबईची फेरी 'उडान'मध्ये होती. योजनेची तीन वर्षं संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईचं विमान बंद झालं. सोलापूरची कथा तर आपल्याला जवळची, कारण तिच्यात साखर कारखाना आहे. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. किती आंदोलनं, किती कोर्टकचेऱ्या झाल्या त्या चिमणीवरून! त्यानंतर पहिलं विमान उडालं ते ९ जून २०२५ ला, गोव्याचं. चिमणी पडल्यापासून विमान येईपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली.

या तिन्ही गावांत लोकांची चूक काहीच नव्हती. 'उडान'ची रचनाच तशी आहे. एका मार्गासाठी कंपन्या बोली लावतात. जिंकलेल्या कंपनीला तोटा भरून काढण्यासाठी तीन वर्षं पैसे मिळतात, त्या बदल्यात ठरावीक खुर्च्या स्वस्त द्याव्या लागतात. तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार रुपये, असं सुरुवातीला ठरलं होतं. त्या तीन वर्षांत त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला यायची मुभा नसते. नवं रोपटं वाऱ्यापासून वाचवावं तशी ही सोय. पण तीन वर्षांनी कुंपण निघतं, पैसे थांबतात, आणि दुसरी कंपनी तोवर आलेली नसते. पहिली उठून गेली की मागे इमारत उरते आणि तिच्या दारातला पहारेकरी.

आता आपल्या हाताशी असलेल्या विमानतळाकडे येऊ. चिकलठाणा. कागदावर छत्रपती संभाजीनगर, आपल्या तोंडात अजून औरंगाबाद. बीडहून सुमारे १३० किलोमीटर, धुळे-सोलापूर महामार्गाने अडीच-तीन तासांचा रस्ता. धावपट्टी ९,३०० फुटांची. तिचा विस्तार व्हावा ही मागणी जुनी आहे. पण आहे त्या धावपट्टीवर देशातली नेहमीची विमानं सहज उतरतात. मग अडचण कुठे आहे?

अडचण कंपन्यांच्या मोजणीत आहे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा औरंगाबादला त्याचा तडाखा बसला. मुंबई-दिल्लीसाठी एअर इंडियाच काय ती राहिली. पुढे इंडिगो आली, आणि खरं सांगायचं तर इतर जण काढता पाय घेत असताना ती टिकली. त्याचं श्रेय तिला दिलं पाहिजे. पण आज तिथली बहुतेक उड्डाणं त्या एकाच कंपनीची आहेत. देशातही दर दहा प्रवाशांतले सहाहून अधिक तिचेच. किंगफिशर २०१२ मध्ये गेली, जेट २०१९ मध्ये, ट्रूजेट २०२२ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. एकेक दुकान बंद होत गेलं आणि बाजारात एकच दुकान मोठं झालं.

त्याचा अर्थ काय होतो, ते डिसेंबर २०२५ ने दाखवलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, कंपनीकडे माणसं पुरली नाहीत, आणि देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या विमानांचे दर इतके चढले की सरकारला मर्यादा घालावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजारांहून जास्त घ्यायचे नाहीत, असं सांगावं लागलं. दिल्ली-मुंबईचा माणूस महाग का होईना, दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढू शकत होता. छोट्या विमानतळावरच्या माणसाने दुसरी कंपनी कुठून आणायची? आपल्या मंडईत एकच व्यापारी कापूस घेत असेल तर भाव कोण ठरवतं, हे बीडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तिकिटाचं गणितही तेच.

आणि हे गणित आपल्या समाजाच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या प्रवासात शिरलेलं आहे. २०२३ च्या हजला औरंगाबादहून निघणाऱ्या यात्रेकरूंना मुंबईहून निघणाऱ्यांपेक्षा सुमारे ८८ हजार रुपये जास्त पडले. माणशी! नवरा-बायको गेले तर पावणेदोन लाख. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हा पुष्कळांनी याला थेट अन्यायाचं नाव दिलं. माझाही राग अनावर झाला होता. पण राग ओसरल्यावर हिशेब समजून घेतला पाहिजे, नाहीतर दर वर्षी फक्त रागच येत राहील.

हजच्या विमानांसाठी प्रत्येक शहराची निविदा वेगळी असते. मुंबईहून हजारो यात्रेकरू निघतात, तिथे कंपन्यांची चढाओढ लागते आणि दर उतरतो. छोट्या शहरातून निघणारे थोडे, म्हणून बोली लावणारेही थोडे. विमान यात्रेकरूंना सोडून रिकामं परत येतं, त्या रिकाम्या फेरीचा खर्चही याच थोड्या लोकांत वाटला जातो. दर चढला की पुढच्या वर्षी लोक अर्जात मुंबई लिहितात. मग इथले यात्रेकरू आणखी कमी होतात आणि दर आणखी चढायला कारण मिळतं. विहिरीचं पाणी कमी झालं म्हणून लोक घागरी घेऊन दुसरीकडे गेले, आणि कुणी येत नाही म्हणून विहिरीचा गाळ काढायचा राहिला, असं हे चक्र.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी २०२४ च्या अर्जात मुंबई लिहिली. वय सत्तरच्या पुढे, चाचींचे गुडघे गेलेले. मी म्हणालो, "चाचा, चिकलठाणा अडीच तासांवर आहे." ते म्हणाले, "बेटा, उतने पैसों में तो छोटी की शादी का मंडप हो जाता है." रात्रीची बस, पहाटे मुंबई, मग हज हाऊस. एहराम बांधण्याआधीच चाचींचे पाय सुजले होते. त्यांनी तक्रार केली नाही. हजच्या वाटेवरची तकलीफ सवाबच देते, असं म्हणून त्या हसल्या. त्यांच्या सब्राला माझा सलाम. पण म्हाताऱ्या माणसांच्या सब्राच्या भरवशावर कुणी निविदा काढू नये.

काही मित्र म्हणतात, "सर, विमान हा श्रीमंतांचा विषय आहे. आपल्याकडे लाखो माणसं ऊस तोडायला बैलगाडी आणि ट्रॅक्टरने जातात, त्यांच्याबद्दल लिहा." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. उलट, बीडमध्ये शेकडो एकर जमीन घेऊन नवी धावपट्टी करू नये, असं मला वाटतं ते याचसाठी. त्या जमिनीवर कुणाची तरी ज्वारी उभी असते. पण आखाती देशात गवंडीकाम करायला जाणारा, सीमेवरून सुट्टीवर येणारा जवान, हैदराबाद-दिल्लीत शिकणारी मुलगी हे श्रीमंत नाहीत. अब्बांच्या मय्यतीला वेळेत पोहोचू न शकलेला मुलगा तर मुळीच नाही. श्रीमंत माणूस मोटार काढून पुण्याला जातो आणि तिथून उडतो. जवळच्या विमानतळाची गरज ज्याला मोटार नाही त्यालाच जास्त असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आता वंदे भारत आहे, ती जालन्याहून डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून मुंबईकडे पूर्ण खुला झाला. शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून आहे. मग चिकलठाण्याला आणखी प्रवासी कुठून येणार? प्रश्न बरोबर आहे. मुंबईचा काही प्रवासी रस्त्याने आणि रेल्वेने नेला, तो परत येणार नाही. म्हणून चिकलठाण्याचं भवितव्य फक्त मुंबईच्या फेऱ्या वाढवण्यात नाही. ते दिल्ली, हैदराबाद, बंगळूरु यांसारख्या लांबच्या शहरांत आणि पुढे परदेशी जाणाऱ्या विमानाला जोडून देणाऱ्या फेऱ्यांत आहे. रियाधला जाणाऱ्याला मुंबई बघायची नसते, त्याला पुढचं विमान पकडायचं असतं.

इथे एक संधी नुकतीच उघडली आहे. मुंबईत छोट्या शहरांच्या विमानांना उतरायला वेळच मिळत नाही, हे कारण आपण वर्षानुवर्षं ऐकलं. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तिथल्या वेळा अजून भरायच्या आहेत. आज मागितल्या नाहीत तर पाच वर्षांनी तेच जुनं उत्तर मिळेल.

म्हणून आपल्या लोकप्रतिनिधींकडे बीडच्या विमानतळाचं निवेदन देण्याऐवजी मी या गोष्टी मागेन. नवी मुंबईत मराठवाड्यासाठी वेळा राखून ठेवा आणि त्या एकाच कंपनीला देऊ नका. राज्य सरकार तोटा भरून देणार असेल तर मदत संपल्यावरही काही काळ फेरी चालू ठेवण्याची अट घाला. हजच्या निविदेत राज्यातल्या शहरांचा दर एकत्र धरून सरासरी काढा, म्हणजे जवळून निघण्याचा दंड म्हाताऱ्यांना बसणार नाही. आणि बीड बसस्थानकातून थेट चिकलठाणा विमानतळापर्यंत, विमानांच्या वेळा धरून, एसटी सोडा. यातल्या कशालाही एक गुंठा जमीन लागत नाही.

थोडं आपल्या हातातही आहे. मराठवाड्यातून उमराहचे काफिले वर्षभर निघतात आणि जवळजवळ सगळे मुंबईहून. बीड, जालना, परभणी, औरंगाबादच्या टूरवाल्यांनी एकत्र बसून महिन्याची एक तारीख ठरवली आणि शंभर-दीडशे प्रवासी एकदम दाखवले, तर कंपन्या त्यांच्याशी बोलायला येतील. एकाच नाही, दोन येतील. कंपनीला निवेदन कळत नाही, भरलेल्या खुर्च्या कळतात. मशिदीत चंदा गोळा करताना आपण किती शिस्तीने हिशेब ठेवतो, तेवढी शिस्त इथे पुरे.

त्या मुलीची वही मी परत दिली. तिने विचारलं, "सर, विमानतळाच्या आत काय असतं?" मी माझ्या दोन-तीन प्रवासांतलं आठवेल तेवढं सांगितलं. रांग, तपासणी, मोठी खिडकी. ती म्हणाली, "आणि आपल्या चिकलठाण्यात?" मी म्हणालो, तेच सगळं असतं, फक्त खिडकीतून दिसणारी विमानं कमी असतात. ती म्हणाली, "मग जास्त बोलवा ना."