‘वय झालं’ हे निदान नव्हे

‘डॉक्टर, सत्तरी ओलांडली, आता विसरणारच की!’ आईला घेऊन आलेला मुलगा हे मलाच समजावून सांगतो. त्याच्यापेक्षा जास्त राग येतो तो मान डोलावून, काहीही न तपासता ‘ब्रेन टॉनिक’ लिहून देणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा.

या आजाराची पहिली नोंदलेली रुग्ण, फ्रँकफर्टची ऑगस्ट डेटर, १९०१ साली इस्पितळात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती गेल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. मेंदू आक्रसलेला, पेशींच्या बाहेर साका, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. ५१ म्हणजे म्हातारपण का हो?

बाहेरचा साका अमायलॉइड प्रथिनाचा. लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीच तो साठू लागतो. पण साका किती, यावरून विसरणं किती हे ठरत नाही. भरपूर साका असूनही शेवटपर्यंत घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणारी माणसं असतात. आजाराच्या वाढीशी जास्त जुळतो तो आतला टाऊ प्रथिनाचा गुंता आणि पेशींमधल्या जोडण्यांची घट. ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये हा गुंता कसा पसरतो त्याचे टप्पे मांडले. सुरुवात कानशिलाच्या आत खोलवर, मग हिप्पोकॅम्पसमध्ये. नव्या आठवणी पक्क्या व्हायला हाच भाग लागतो. म्हणून आई सकाळी जेवल्याचं विसरते आणि स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत काय काय वाढलं होतं ते सांगते. याला घरी ‘नाटक’ म्हणतात! ‘सोयीचं तेवढं बरं आठवतं.’ अहो, जुन्या आठवणी मेंदूच्या बाह्यस्तरात पसरलेल्या असतात, तिथे गुंता अजून पोहोचायचा असतो. तो पोहोचला की शब्द सापडत नाहीत, ओळखीची गल्ली चुकते, साडीच्या निऱ्या जमत नाहीत. हालचालीचा भाग मात्र बराच काळ शाबूत राहतो. पाय धडधाकट आणि घराचा रस्ता हरवलेला, ते यामुळेच.

मेलेल्या पेशी कुठलंच औषध परत आणत नाही. अमायलॉइड काढणारं लेकॅनेमॅबसुद्धा सुरुवातीच्या रुग्णांत घसरण थोडी मंद करतं, एवढंच. मग दोन-दोन वर्षं वयाच्या खात्यावर घालवणं कसं परवडेल? शिवाय प्रत्येक विसरणं अल्झायमर नसतं. थायरॉईड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांवर उपाय करता येतो, पण शोधलं तर.

तेव्हा येताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. सहा महिन्यांत काय काय बदललं ते कागदावर लिहून माझ्या हातात द्या. आईसमोर मोठ्याने वाचू नका.